घरची प्रार्थना घरच्यांच्या तोंडी राहू द्या : खान्देशातल्या पाळकांना आणि पंचांना खुले पत्र

आदरणीय पाळकसाहेब, वडील, डिकन आणि पंचकमिटीची सर्व मंडळी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

नवापूर-साक्रीपासून भुसावळ-चाळीसगावपर्यंत आपल्या मंडळ्या वेगवेगळ्या मिशनांतून उभ्या राहिल्या. उपासनेच्या पद्धती निराळ्या, बाप्तिस्म्याच्याही निराळ्या. तक्रार मात्र सगळीकडे एकच ऐकू येते, की लोक आता घरी प्रार्थना करत नाहीत. ही तक्रार पुलपिटावरून होते, म्हणून हे पत्र पुलपिटाकडेच लिहीत आहोत. आमचं म्हणणं थोडक्यात असं : लोकांनी प्रार्थना टाकलेली नाही, आपणच ती हळूहळू त्यांच्या तोंडून काढून घेतली आहे. ती परत कशी देता येईल, याच्या काही बारीकसारीक गोष्टी पुढे मांडतो. दिवाळी आटोपली की आपल्यातली कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत उतरतील. त्याआधी पंचकमिटीची एक बैठक या विषयावर व्हावी, एवढ्यासाठी आत्ताच लिहिण्याची घाई केली आहे.

आधी घरसभेचं पाहू. वेळ आठची ठरते, सुरू होते साडेनऊला. चार-पाच गीतं, दोन साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं), पाऊण तास वचन म्हणजे प्रवचन, मग पाळकसाहेबांची लांब प्रार्थना. ज्या घरात सभा असते त्या घरची बाई तेवढा वेळ चुलीपुढे, मुलं कोपऱ्यात झोपलेली आणि घरधनी दारात उभा राहून चपला मोजतो. म्हणजे ज्यांच्यासाठी सभा, ते घर सोडून बाकी सगळे प्रार्थनेत! शिवाय चहा-फरसाण, कुठे कुठे जेवणही. एकाने शेवभाजी केली की पुढच्याला तेवढं करावंच लागतं. मजुरीवर जगणारं घर मग सभा मागतच नाही, आणि आपण म्हणतो त्यांना गोडी उरली नाही. पंचकमिटीने एक ओळीचा ठराव करावा : घरसभेत फक्त पाणी. चहासुद्धा नको. सभा पंचेचाळीस मिनिटांत संपावी, वचन दहा मिनिटांच्या वर जाऊ नये आणि सुरुवातीची प्रार्थना त्या घरातल्याच माणसाने करावी, मोडकीतोडकी का असेना. पाळकाने शेवटी फक्त आशीर्वाद द्यावा.

मोडकीतोडकी का होते, तेही सांगतो. आपल्या लोकांनी प्रार्थनेची एक पुस्तकी भाषा ऐकून ठेवली आहे. ‘हे परमदयाळू आकाशातील पित्या, आम्ही तुझ्या चरणांजवळ नम्र होऊन येत आहोत’ असं काहीतरी आल्याशिवाय ती प्रार्थनाच नव्हे, असा समज आहे. घरात अहिराणी, मावची, पावरी किंवा कोकणी (कोकणा आदिवासींची बोली) बोलणाऱ्या बाईला हे वाक्य सुचत नाही आणि ती गप्प बसते. तीच बाई शेजारणीला अर्धा तास अडचण सांगू शकते. ‘देवबाप, पोऱ्याले ताप शे, त्याले बरं कर’ ही पूर्ण प्रार्थना आहे, तिला काही जोडावं लागत नाही. शुभवर्तमानातल्या जकातदाराची प्रार्थना याहून मोठी नव्हती (लूक 18). पाळकांनी महिन्यातून एका रविवारी तरी पुलपिटावरून घरच्या बोलीत प्रार्थना करावी. ती लोकांच्या कानावर पडली की घरात कुणाला लाज वाटणार नाही. शास्त्रपाठ मराठीत वाचावा, आणि वाचून झाल्यावर घरातल्याच कुणीतरी तो दोन वाक्यांत बोलीत सांगावा. सांगता आला नाही तर समजलेला नाही, एवढं त्यावरून कळतं.

घरची रोजची प्रार्थना किती वेळ? पंधरा मिनिटं पुरेत. जास्तीचा नेम धरला की आठवड्यात मोडतो आणि मोडलेल्या नेमाच्या अपराधीपणाने माणूस पुढचा महिनाही बसत नाही. वेळ घड्याळावर बांधू नये, कामावर बांधावी. संध्याकाळची भाकरी होऊन चूल विझली की बसायचं, किंवा सकाळी जनावरांचं आटोपलं की. एक स्तोत्र वाचावं. स्तोत्रं 150 आहेत. 119 वं फार मोठं आहे, पण त्याचे आठ-आठ वचनांचे 22 भाग मूळचेच पाडलेले आहेत, ते रोज एक घ्यावेत. असं केलं तर 171 दिवसांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आत, सगळी स्तोत्रं होतात. वाचून झाल्यावर मिनिटभर कुणी काही बोलायचं नाही. हा मिनिट सर्वांत अवघड जातो, कारण आपल्याला शांततेची सवय नाही. पहिले काही दिवस कुणीतरी हसतं, कुणीतरी खोकतं, चालू द्यावं. मग प्रत्येकाने त्या दिवसाच्या एका गोष्टीबद्दल उपकार मानायचे. सुरुवात सर्वांत लहान मुलाने करायची आणि त्याला कुणी दुरुस्त करायचं नाही. त्याने ‘आज खिचडी चांगली होती’ म्हटलं तरी आमेन म्हणायचं. त्यानंतर जास्तीत जास्त तीन विनंत्या, आणि शेवटी प्रभूची (येशूने शिकवलेली) प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

ही शेवटची प्रार्थना पाठ असल्यामुळेच वाया जाते. आपण ती वीस-पंचवीस सेकंदांत उरकतो. मत्तयातल्या पाठात ल्यूथरच्या लघु प्रश्नोत्तरीने सात विनंत्या मोजल्या आहेत आणि आठवड्याला वारही सात आहेत. रोज एका विनंतीवर थांबावं : रविवारी नाव, सोमवारी राज्य, मंगळवारी इच्छा आणि असंच पुढे. आमची एक सुचवणी आहे. भाकरीची विनंती गावाच्या आठवडे बाजाराच्या वारी घ्यावी, मग क्रम पुढेमागे झाला तरी चालेल. त्या दिवशी घरात पैसा येतो किंवा जातो, कुणाचं देणं थकलेलं असतं, व्यापाऱ्याने कापसात काटा मारलेला असतो. ‘आमची भाकर’ म्हणताना शेजारच्या घरची भाकरही आत येते, हे त्या दिवशी मुलांनाही पटकन कळतं. क्षमेची विनंती शनिवारी घ्यावी. ज्यांच्याशी बोलणं बंद आहे त्यांच्यासोबत दुसऱ्या दिवशी प्रभुभोजनाला बसायचं असतं.

वाचता न येणाऱ्या आजीबाईंची काळजी करू नका. त्यांना गीतं पाठ असतात, कडव्यांसकट. त्यांनी एक गीत म्हणावं आणि नातवाने वाचावं. घरात कीबोर्ड, पॅड, माइक काही लागत नाही, खंजिरी असली तर उत्तम. माइकवरून आठवलं : रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, ती रात्रजागरणालाही लागू होते. वीस माणसांच्या खोलीत माइक लावून शेजारच्या आळीला जागं ठेवणं ही साक्ष नव्हे. दार लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे (मत्तय 6), दाराबाहेर भोंगा टांगायला नव्हे.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांविषयी. मंडळीच्या नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘गैरहजर’ लागतं आणि परत आल्यावर त्यांच्याकडे थोडं खालच्या नजरेनेच पाहिलं जातं. त्यांचा दिवस कसा असतो ते पाहा. पहाटे अंधारातच फडात उतरायचं, दिवसभर तोड, मोळ्या बांधणं आणि मग गाडी येईल तेव्हा भरणं. ती रात्री अकराला येते, कधी दोनला. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाला दोघांची एकच जोडी धरतात, त्यामुळे एक जण थांबून प्रार्थना करील असंही नाही. रविवारची सुटी नसते. कारखाना बंद किंवा गाडी नाही, तोच सुटीचा दिवस. अशा माणसांना आपली पंधरा मिनिटांची पद्धतही लागू नाही. त्यांना एका वाक्याच्या प्रार्थना हव्यात, कामाला चिकटवलेल्या : चूल पेटवताना एक, पहिला कोयता मारण्याआधी एक (हात-पाय शाबूत राहोत, एवढी सुद्धा चालते), पोराला पडावावर (मुक्कामाच्या जागी) सोडून निघताना एक, रात्री अंग टाकताना प्रभूची प्रार्थना. या वाक्यांचा सराव निघण्याआधीच्या रविवारी मंडळीत सर्वांसमोर करून घ्यावा, नुसतं सांगून जमत नाही.

प्रत्येक टोळीमागे एका माणसाला प्रार्थनेची जबाबदारी द्यावी. तो मुकादम, म्हणजे मजूर जमवून नेणारा, नसावा. मुकादमाकडे उचलीचा (आगाऊ दिलेल्या पैशांचा) हिशेब असतो, त्याच्यासमोर कुणी मोकळेपणाने आपली अडचण मांडणार नाही. बाई असली तर जास्त बरं. तिच्या पिशवीत मार्काच्या शुभवर्तमानाची सुटी पुस्तिका द्यावी, त्याचे अध्याय 16 आणि चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे. सोबत पाठ असलेल्या वीस गीतांच्या पहिल्या ओळी, एक वही, दोन पेनं. पाळकसाहेबांनी आठवड्यातून एकदा फोन करावा आणि फोनवर उपदेश न करता, ‘वहीत काय लिहिलंय, वाचून दाखव’ एवढंच म्हणावं. दक्षिण गुजरातेतल्या व्यारा, सोनगड, बारडोली या पट्ट्यात गामीत-चौधरी समाजाच्या मंडळ्या आहेत. गामीत आणि मावची बोलणाऱ्यांना एकमेकांचं बरंच समजतं. आपल्या पाळकांनी तिथल्या पाळकांना नावांची आणि पडावांची यादी आधीच पाठवली तर नाताळला ही माणसं एकटी राहत नाहीत. आणि सहा महिने प्रभुभोजनाविना काढायला लावण्यापेक्षा जानेवारीत एक दिवस पाळकांनी तिथे जावं. जाण्या-येण्याचा खर्च मंडळीने करावा, टोळीकडून घेऊ नये.

आजारपण हा या पत्रातला सर्वांत नाजूक भाग, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय सांगतो की कोणी दुखणाईत असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. करावीच. पण तेल कपाळाला, एक थेंब. ‘प्रार्थना केलेल्या’ तेलाच्या बाटल्या घरोघर जातात आणि भाजलेल्या जखमेवर, डोळ्यात, तान्ह्या बाळाच्या नाकात घातल्या जातात. भाजलेल्या जागेवर तेल चोपडलं की आतली उष्णता कोंडते आणि पुढे जंतुसंसर्ग होतो. तिथे वीस मिनिटं साधं वाहतं पाणी लागतं. बाळाच्या नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं. पंचांनी बाटली देणं बंदच करावं. वडील घरी जाणार असतील तर तेल त्यांच्या खिशात असावं आणि त्यांच्याबरोबर परत यावं.

साप चावला तर आधी गाडी, मग प्रार्थना, तीही गाडीतच. 108 ला फोन करायचा, चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला बांधून हलू द्यायचा नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून दोरी बांधायची नाही, रुग्णाला चालवायचं नाही. सर्पविषावरची लस सरकारी दवाखान्यात मिळते आणि तिला उशीर झाला की तिचा उपयोग घटत जातो. प्रार्थनेसाठी रुग्णाला चर्चमध्ये आणणं म्हणजे तेवढा वेळ विषाला देणं. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे. आपली प्रार्थना मंत्र नाही असं आपण म्हणतो, तर मग तिच्यासाठी कुणाला दवाखान्याच्या वाटेवर अडवूही नये.

क्षयरोगाचं वेगळं होतं. साध्या क्षयरोगाचं औषध सहा महिने चालतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमक्या त्या वेळी आपण त्या भावाला साक्षीला उभं करतो. ‘प्रभूने मला बरं केलं’ म्हटल्यावर गोळी खाणं त्याला अविश्वास वाटू लागतं. औषध मध्येच सुटलं की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचे उपचार लांबतात, कठीण होतात. फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तर फिट न थांबता येत राहण्याचा धोका असतो, आणि मग त्याच माणसाला ‘भूत’ म्हणून आणखी प्रार्थना होतात. म्हणून नियम करावा : बरं झाल्याची साक्ष डॉक्टरांनी कोर्स पूर्ण झाल्याचं सांगितल्यावरच. यात अविश्वास काही नाही. दहा कुष्ठरोगी वाटेत शुद्ध झाले, त्यांनाही प्रभूने आधी याजकांना दाखवायला पाठवलं होतं (लूक 17), आणि त्या काळी रोग गेला की नाही हे ठरवणारा याजकच होता. पौलाच्या सोबत्यांत लूक हा वैद्य होता, हेही मंडळीला अधूनमधून सांगत जावं.

उपास-प्रार्थनेचंही तसंच. गुड फ्रायडे 20 मार्च ते 23 एप्रिलच्या दरम्यान पडतो. खान्देशात त्या दिवसांत पारा चाळिशीला टेकलेला असतो, पुढेही जातो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बारा ते तीन येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांची उपासना, आणि पुष्कळ जण पाणीही न घेता बसतात. नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. शरीरातलं पाणी कमी झालं की सिकलसेलच्या रुग्णाच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडल्यासारख्या वेदना सुरू होतात. त्याला निर्जळी उपास सांगणं म्हणजे दुखणं ओढवून घ्यायला सांगणं आहे. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणारा उपाशी राहिला तर साखर उतरते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. आपल्याकडे सभेत याला आत्म्याचा स्पर्श समजून टाळ्या वाजवल्या जातात! शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून पाजावी, पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये, दवाखाना गाठावा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, सिकलसेलच्या, मधुमेहाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना उपासातून मोकळं केलं आहे, हे पाळकांनी पुलपिटावरून मोठ्याने सांगावं. वैयक्तिक विचारलं तर सांगू, असं ठेवलं की कुणी विचारत नाही. बाकीच्यांनीही पाणी सोडू नये. वाचलेल्या एका जेवणाचं धान्य मंडळीत आणून ते गरजू घराला पोचवलं तर यशया 58 मधला उपास त्याच दिवशी घडतो.

विनंत्यांच्या वहीबद्दल थोडं. वहीत तीन रकाने पुरतात : तारीख, विनंती, काय झालं. महिन्यातून एकदा मागची पानं उघडून तिसरा रकाना भरायचा. ‘मिळालं’ लिहिता येतं तसं ‘अजून नाही’ आणि ‘नाही’ हेही लिहिता आलं पाहिजे. पौलाने तीनदा मागितलं आणि शरीरातला काटा तसाच राहिला. वहीत फक्त मिळालेलंच लिहायची सवय लागली की न मिळालेल्या माणसाला तिथे जागाच राहत नाही. दुसरं असं की मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर नावासकट विनंत्या टाकणं थांबवा. अमक्याच्या घरी दारू, तमकीचा गर्भ पडला, याची तपासणी अशी आली. हे प्रार्थनेच्या नावाने रात्रीत चार गावं फिरतं. ज्याचं नाव, त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. ‘एका बहिणीसाठी’ एवढं पुरतं.

आणि ज्या घरात कुणी जीव दिला, त्या घराविषयी. कापसाच्या या मुलखात हे घडतं, ख्रिस्ती घरांतही. तिथे जाऊन ‘विश्वास कमी पडला’ असं कुणी बोलू नये, दफनविधीला टाळाटाळ करू नये, नरकाचा विषय काढू नये. इयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते, बोलायला लागले आणि बिघडलं. पहिल्या दिवशी काहीच वाचलं नाही तरी चालेल. पाणी भरावं, जनावरांना चारा टाकावा, आल्यागेल्याला बसवावं. वाचायचंच तर 88 वं स्तोत्र वाचावं. ते अंधारातच संपतं, त्याला शेवटी गोड ओळ नाही, आणि पाळकांनीही ती जोडू नये. 13 वं सहाच वचनांचं आहे, ‘किती वेळ’ असं चार वेळा विचारणारं. रडणाऱ्या माणसाला आपलं रडणं पवित्र शास्त्रात सापडतं, हे सांत्वन प्रवचनाहून मोठं आहे. कर्जाने खचलेला कुणी घरसभेत ‘आता सगळं संपवावंसं वाटतं’ असं बोलला तर डोक्यावर हात ठेवून मोकळं होऊ नका. त्याच रात्री फवारणीची औषधं त्याच्या घरातून हलवा, कुणीतरी सोबत झोपा आणि 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लावून त्याला स्वतः बोलायला द्या. तो फोनवर बोलत असताना बाजूला बसून तुम्ही प्रार्थना करू शकता.

शेजारपाजारच्या दुसऱ्या धर्माच्या घरी प्रार्थनेला बोलावलं तर जावं. विचारून करावी, हळू करावी, बरं होण्याचा सौदा करू नये. ज्या बहिणीचा नवरा विश्वासात नाही तिला मोठ्याने प्रार्थना करायला भरीस घालू नये. ती पीठ मळताना मनात करते, ती चालते.

बैठकीसाठी आमच्या मागण्या अशा आहेत : घरसभेत फक्त पाणी, बाटलीतलं तेल बंद, उपासातून सूट मिळणाऱ्यांची यादी पुलपिटावरून, व्हॉट्सॲपवर नावं नाहीत, आणि टोळ्यांच्या पिशव्यांना मंडळीच्या निधीतून पैसे. पिशव्या शिवून द्यायला महिला सभेच्या बहिणी तयार आहेत. कापड जुन्या पडद्यांचं होईल. वह्या, पेनं आणि मार्काच्या पुस्तिका यांचाच काय तो खर्च, तो दसऱ्याआधी मंजूर करावा, कारण मुकादमाच्या गाड्या कधी येतील ते कुणी आधी सांगत नाही.

आपले,
खान्देशात घरसभा आणि संडे स्कूल चालवणारे काही भाऊ-बहिणी